देवाच्या दारचं मांजर

जन्मस्थानावरून हिरिरीनं भांडण्याची हौस फक्त मराठी माणसालाच आहे, असा आपला एक लाडका गैरसमज आहे. टोक्योत गेलं की तो दूर होतो. तिथला वाद कुणा संताचा किंवा सरदाराचा नाही, मांजराचा आहे. पांढरं, गुबगुबीत, एक पंजा वर करून बसलेलं 'मानेकी-नेको', म्हणजे बोलावणारं मांजर. शहराच्या पूर्वेला, सुमिदा नदीजवळ असलेलं इमादो हे शिंतो देवस्थान म्हणतं, मांजर आमचं. पश्चिमेला सेतागायामधलं गोतोकुजी हे बौद्ध मंदिर म्हणतं, छे, आमचं. दोघांकडे आख्यायिका आहे, दोघांकडे मूर्ती आहेत आणि दोघांकडे त्या विकण्याची खिडकी आहे. मांजराचं मत कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तरी प्रश्नाला सरळ उत्तर देण्याबद्दल ती जात प्रसिद्ध नाही.

इमादोला जाण्याचा रस्ता आसाकुसावरून जातो. सेन्सोजी मंदिरासमोरच्या नाकामिसे गल्लीत पंढरपूरच्या आषाढीची आठवण यावी अशी गर्दी असते. तिथून नदीच्या बाजूनं उत्तरेला निघालं की पंधरा-वीस मिनिटांत सगळं शांत होतं. साधी घरं, सायकली, शाळेचं मैदान. या वस्तीत मध्येच एक तोरी, म्हणजे शिंतो देवस्थानाची कमान, दिसते आणि कमानीतून आत जाणाऱ्या तरुण मुली दिसतात. त्या एकट्या असतात, नाहीतर मैत्रिणीबरोबर. सोबत तरुण असलाच तर तो बहुधा छत्री धरून मागे उभा असतो.

आवार लहान आहे. आपल्याकडच्या एखाद्या गृहसंकुलाचं गणेशमंदिर यापेक्षा मोठं असतं. पण एवढ्याशा जागेत दोन ऐतिहासिक दावे शेजारी शेजारी नांदतात. एक फलक सांगतो, बोलावणाऱ्या मांजराचा जन्म इथे झाला. एक शिळा सांगते, ओकिता सोजी या तलवारबहाद्दराचा मृत्यू इथे झाला. दोन्ही दाव्यांना विरोधक आहेत. देवस्थान दोघांकडेही लक्ष देत नाही.

मांजर मराठी वाचकाला नवीन नाही. चायनीज हॉटेलात, मोबाईलच्या दुकानात, गल्ल्याशेजारी एक सोनेरी प्लॅस्टिकचं मांजर दिवसभर हात हलवत असतं. दुकानदार त्याला 'फेंगशुईचं' म्हणतो, त्यामुळे ते चिनी आहे ही समजूत घट्ट झाली. अस्सल जपानी मांजर मातीचं असतं आणि हात हलवत नाही. ते पंजा वर करतं आणि तसंच राहतं. बॅटरी लागत नाही.

तळवा समोर, बोटं खाली वळवून 'अरे, इकडे ये' म्हणण्याची ही खूण आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. रिक्षा याच खुणेनं थांबते, निदान थांबायची असली तर. अमेरिकेत मात्र माणसं तळवा स्वतःकडे करून बोलावतात. त्यामुळे तिकडच्या गिऱ्हाइकाला वाटायचं की मांजर टाटा करतंय. दारातच टाटा करणारं मांजर कोण विकत घेणार? म्हणून निर्यातीसाठी पंजा उलटा फिरवलेली, गळ्यातल्या सोन्याच्या नाण्याऐवजी डॉलर बाळगणारी मांजरं तयार झाली. धर्म आडवा येत नसला की तडजोड लवकर होते.

पंजा कशासाठी वर, याचं एक जुनं उत्तर चीनमध्ये सापडतं. मांजरानं तोंड धुताना पंजा कानाच्या वरून फिरवला की पाहुणा येतो, असं तांग काळातल्या एका ग्रंथात लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे हे खातं कावळ्याकडे असल्यामुळे मांजराच्या तोंड धुण्याकडे कुणी कधी लक्ष दिलं नाही. आपण ते फक्त आडवं गेलं की मोजलं.

इमादोची कथाही लेखी आहे. साइतो गेश्शिन यानं एदो शहराची, म्हणजे जुन्या टोक्योची, 'बुको नेन्प्यो' नावाची वर्षवार बखर केली. तिच्यात १८५२ साली एका म्हातारीची नोंद येते. म्हातारी आसाकुसा भागातली, हलाखीत सापडलेली. घर सोडायची वेळ आली, तेव्हा तिनं लाडकं मांजरही दुसऱ्याला देऊन टाकलं. त्याच रात्री मांजर स्वप्नात आलं. मराठी गोष्टीत अशा प्रसंगी मांजरानं तळतळाट दिला असता आणि सात पिढ्यांचा बंदोबस्त झाला असता. हे मांजर म्हणालं, माझी प्रतिमा करून पूज, दिवस पालटतील. म्हातारीनं तसं केलं, दिवस पालटले, बातमी पसरली. इमादोत कुंभारांची वस्ती होतीच. कौलं, शेगड्या, बाहुल्या असा त्यांचा माल. त्यांनी मांजरं करायला घेतली आणि ती आसाकुसाच्या सांजा देवस्थानाजवळ विकली जाऊ लागली. हिरोशिगे या नामवंत चित्रकाराच्या त्याच वर्षीच्या एका छापचित्रात अशा मांजरांचं दुकान दिसतं, त्यामुळे पुरावा भक्कम आहे. म्हातारीचं भलं झालं, कुंभारांचं झालं, चित्रकाराचं चित्र झालं. मांजराला घर परत मिळालं का, याची चौकशी कुणी केलेली दिसत नाही.

आता देवस्थानाकडे वळायचं तर देवांची यादी पाहावी लागते, कारण गंमत तिच्यात आहे. १०६३ साली मिनामोतो योरियोशी आणि त्याचा मुलगा योशिइए या योद्ध्यांनी क्योतोजवळच्या इवाशिमिझुहून हाचिमानला इथे आणलं, अशी परंपरा. हाचिमान म्हणजे देवत्व पावलेला सम्राट ओजिन, योद्ध्यांचा पाठीराखा. १९३७ साली शेजारचं हाकुसान देवस्थान यात विलीन झालं आणि 'इमादो' हे आजचं नाव पडलं. यादीत इझानागी आणि इझानामी हे आदिदांपत्य आहे. शिवाय जपानच्या सात भाग्यदेवतांपैकी फुकुरोकुजु, ज्याचं कपाळ चेहऱ्याहून लांब असतं. एवढी तालेवार मंडळी. यादी वरून खाली वाचा, खालून वर वाचा, मांजर तिच्यात नाही. गाभाऱ्यातही नाही, कागदोपत्रीही नाही. पण प्रार्थनागृहात समोरच दोन भलीमोठी मांजरं बसलेली आहेत आणि गर्दी मोबाईल त्यांच्याकडे रोखून उभी आहे. युद्धदेव मागे असतो. साडेनऊशे वर्षांची ज्येष्ठता असूनही त्यानं तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

लोक इथे मुख्यतः लग्न जमावं म्हणून येतात. देवस्थान नुसते आशीर्वाद देऊन थांबत नाही, इच्छुकांची नावं नोंदवून त्यांचे मेळावेही भरवतं. म्हणजे रीतसर वधू-वर सूचक मंडळ, फरक इतकाच की कार्यालय देवळाच्या आवारात आहे आणि पत्रिका जुळवत नाहीत. नवसाच्या लाकडी पाट्यांना जपानमध्ये 'एमा' म्हणतात. एरवी त्या पंचकोनी असतात, इथे गोल आहेत, त्यावर दोन मांजरं खेटून बसलेली. आवारातल्या चौकटींवर या गोल पाट्यांचे थरावर थर चढलेले असतात. नवस उघड्यावर, वाचता येईल असा लिहिण्यात जपानी माणसाला संकोच वाटत नाही. एरवी लोकलमध्ये फोनवर बोलायलाही जो लाजतो, तो इथे आयुष्याचा जोडीदार कसा हवा ते सुवाच्य अक्षरात टांगून जातो.

पण मध्यस्थ कोण, तेही पाहायला हवं. इझानागी आणि इझानामी यांच्या संसाराची हकीकत ७१२ साली पूर्ण झालेल्या 'कोजिकी' या ग्रंथात सविस्तर आहे. लग्नात दोघांनी एका खांबाला दोन बाजूंनी फेरी घातली आणि समोरासमोर आल्यावर तिनं आधी त्याच्या रूपाची तारीफ केली. बायकोनं आधी तोंड उघडलं म्हणून पहिलं अपत्य बिनहाडाचं झालं, असा निवाडा स्वर्गातल्या वडीलधाऱ्यांनी दिला. (सासरचे सगळीकडे सारखेच.) मग फेरी पुन्हा, या वेळी तो आधी बोलला, आणि जपानची बेटं जन्माला आली. पुढे अग्निदेवाला जन्म देताना ती भाजून मेली. तो तिला परत आणायला पाताळात गेला. 'माझ्याकडे बघू नकोस' असं तिनं बजावलं असताना त्यानं दिवा लावून पाहिलंच, आणि किडे पडलेलं शरीर दिसताच पळत सुटला. तिनं मागे हडळी सोडल्या. त्यानं पाताळाच्या तोंडाशी मोठी धोंड लोटली. धोंडीच्या अल्याड-पल्याडून शेवटचं बोलणं झालं ते असं: ती म्हणाली, मी रोज तुझ्याकडची हजार माणसं मारीन, तो म्हणाला, मी रोज दीड हजार जन्माला घालीन.

असा काडीमोड झालेल्या जोडप्याकडे लग्न जुळवण्याचं खातं देणं याला धाडस लागतं. की अनुभवी माणसं म्हणून नेमलं असेल? काही असो, बहुतेकांना ही हकीकत आठवू नये अशी व्यवस्था देवस्थानानं केली आहे. आवारात दोन दगडी मांजरं आहेत, त्यांची नावं नागी आणि नामी. नावं दांपत्याचीच, पण आटोपशीर, आणि चेहऱ्यावर पाताळाचा मागमूस नाही. त्यांना कुरवाळावं, फोटो काढून मोबाईलच्या पडद्यावर ठेवावा आणि सकाळ-संध्याकाळ त्याला इच्छा सांगावी, असा प्रघात आहे. दिवसातून शंभरदा मोबाईल बघणाऱ्या पिढीची उपासना आपोआप किती होते, याचा हिशेब तिथल्या पुजाऱ्यानं नक्कीच केलेला असणार.

मांजरानं सगळं काम करायचं आणि देवत्व दुसऱ्यांनी घ्यायचं, या अन्यायाची जपानमध्ये एकदा तरी दुरुस्ती झाली. वाकायामा प्रांतात किशी नावाचं छोटं स्टेशन आहे. तोट्यातली लाइन, कर्मचारी काढून घेतलेले. २००७ साली रेल्वे कंपनीनं तिथल्या तामा नावाच्या तिरंगी मांजरीला स्टेशनमास्तर नेमलं. टोपी दिली, बिल्ला दिला, पगार मांजरखाद्याच्या रूपात. लोक तिला बघायला तिकीट काढून येऊ लागले. मग बढत्या सुरू झाल्या आणि त्या इतक्या भराभर झाल्या की आपल्याकडे कुणी माहितीचा अधिकार टाकला असता. २०१५ च्या जूनमध्ये ती गेली तेव्हा शिंतो पद्धतीनं अंत्यविधी झाला, हजारो लोक आले, आणि तिला 'तामा दाइम्योजिन' म्हणून देवपद मिळालं. तिचं इवलंसं देऊळ प्लॅटफॉर्मवरच आहे. नोकरीत असताना एकही दिवस गाडी वेळेवर सोडलेली नसताना थेट देव होण्याचं हे उदाहरण भारतीय रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी पुन्हा पुन्हा वाचण्यासारखं आहे.

इमादोच्या मांजराची तेवढी बढती झालेली नाही, आणि शेजारी ओकिताची शिळा असल्यामुळे त्याची मनःस्थिती जरा अवघडच असणार. ओकिता सोजी हा शिन्सेनगुमी या शोगुननिष्ठ पथकाचा तरुण तलवारबाज. १८६८ साली क्षयानं गेला. कुठे गेला यावर दोन मतं आहेत, एक इमादोच्या बाजूनं, दुसरं सेंदागाया भागाच्या. त्याच्याबद्दलची सर्वात लाडकी दंतकथा मात्र अशी की अखेरच्या दिवसांत अंगणात येणाऱ्या एका काळ्या मांजराला तलवारीनं छाटण्याचा त्यानं पुन्हा पुन्हा प्रयत्न केला आणि हात चालला नाही. अशा माणसाची शिळा मांजराच्या जन्मस्थानी! ऐतिहासिक कादंबऱ्या वाचून आलेल्या त्याच्या चाहत्या आधी शिळेपुढे डोकं टेकतात आणि मग मांजराची किचेन घेतात. विसंगती पचवायला श्रद्धेइतकं चांगलं चूर्ण नाही.

गोतोकुजीचे वकील या सगळ्यावर हसतात. त्यांची कथा जुनी आणि खानदानी आहे. हिकोनेचा सरदार इइ नाओताका शिकारीहून परतत असताना एका गरीब मंदिराच्या दारात बसलेल्या मांजरानं त्याला पंजानं बोलावलं. तो आत गेला आणि बाहेर विजांसह मुसळधार पाऊस सुरू झाला. भिजायचं वाचलं म्हणून सरदारानं मंदिर आपल्या घराण्याच्या छत्राखाली घेतलं. १६५९ साली तो वारल्यावर त्याच्या मरणोत्तर नावावरून मंदिराचं नाव पडलं. आज तिथे फळ्यांवर लहानमोठी पांढरी मांजरं दाटीवाटीनं उभी असतात, नवस फळाला आला की परत आणून ठेवलेली. त्यांच्याकडे सोन्याचं नाणं नाही. मंदिराचं म्हणणं, मांजर फक्त संधी देतं, पुढचं ज्याचं त्यानं बघायचं. हेच आपल्याकडे क्लासवाले फी भरून घेतल्यावर सांगतात.

इइ घराण्याचं दफनस्थानही तिथेच आहे. तिथे नाओसुकेची कबर दिसते. १८५८ साली अमेरिकेशी व्यापारी करार करणारा आणि १८६० साली एदोच्या किल्ल्याबाहेर, बर्फ पडत असताना, साकुरादा दरवाजाशी मारला गेलेला हाच तो. त्या सकाळी घराण्याचं मांजर साखरझोपेत असावं. घराण्यानं मात्र मनात ठेवलं नाही. हिकोने किल्ल्याच्या २००७ मधल्या चारशेव्या वर्धापनासाठी इइंचं लाल शिरस्त्राण घातलेलं पांढरं मांजर शुभंकर म्हणून आलं, 'हिकोन्यान', आणि मूळ सरदारांपेक्षा त्याला जास्त लोक ओळखतात.

कुठला पंजा वर असावा, यावर सर्वसाधारण एकमत आहे: उजवा पैशासाठी, डावा माणसांसाठी. दोन्ही वर असलेली मांजरंही मिळतात, पण ती पोलिसांना शरण आल्यासारखी दिसतात. ओसाकाच्या सुमियोशी ताइशाच्या आवारातल्या एका छोट्या देवळानं यावर जी योजना काढली आहे, तिच्यापुढे आपल्या पतपेढ्यांनी हात टेकावेत. दर महिन्याला पंचांगातल्या पहिल्या 'ड्रॅगन' दिवशी जायचं आणि अंगठ्याएवढं मांजर विकत घ्यायचं. विषम महिन्यात डाव्या पंजाचं, सम महिन्यात उजव्या. अशी अठ्ठेचाळीस झाली, म्हणजे चार वर्षं भरली, की ती जमा करून एक मध्यम मांजर मिळतं. दोन मध्यम आणि आणखी अठ्ठेचाळीस छोटी दिली की एक मोठं. डाव्या आणि उजव्या पंजाच्या मोठ्यांची जोडी पूर्ण व्हायला चोवीस वर्षं लागतात. आवर्त ठेव म्हणतात ती हीच, फक्त मुदतपूर्तीला मांजर मिळतं. धंदेवाली मंडळी हे नेमानं करतात, आणि दुकान चोवीस वर्षं टिकलं की श्रेय बिनतक्रार मांजराला देतात.

इमादोहून परतताना मराठी माणसानं सरळ स्टेशनवर जाऊ नये. काही मिनिटांवर एक छोटी टेकडी आहे, तिच्यावर मात्सुचियामा शोदेन. हे मंदिर गणपतीचं आहे. जपानी नाव कांगितेन, मूर्ती झाकलेली, दर्शन नाही. मंदिराच्या भिंतींवर, दिव्यांवर, पायऱ्यांवर दोन चिन्हं पुन्हा पुन्हा दिसतात: पैशाची थैली आणि एकमेकांत गुंतलेले दोन मुळे. इथल्या गणपतीला मोदक नाही, मुळा वाहतात. पांढराशुभ्र, हाताएवढा दाइकोन मुळा मंदिरातच विकत मिळतो. सात जानेवारीला मुळ्याचा उत्सव होतो, तेव्हा शिजवलेला मुळा मिसो लावून भाविकांना वाढतात.

पुण्यामुंबईहून गेलेल्याच्या मनात इथे एक प्रश्न उभा राहतोच. हाकेच्या अंतरावर मांजराचं जन्मस्थान असताना गणपतीच्या उंदराचं काय झालं? जपानी लोकांनी यावर फार व्यवहारी तोडगा काढलेला आहे. जपानच्या गणपतीकडे उंदीर ठेवलेलाच नाही. तो दाइकोकुतेनकडे बदली करून दिला. दाइकोकुतेन म्हणजे आपला महाकाळ, तिकडे जाऊन गोंडस, तांदळाच्या पोत्यांवर उभा राहणारा धनदेव झालेला. आसाकुसाच्या सात भाग्यदेवतांच्या फेरीत तो सेन्सोजीला असतो, म्हणजे मांजरापासून सुरक्षित अंतरावर. त्याच फेरीत मात्सुचियामाकडे बिशामोनतेन आहे, म्हणजे आपला कुबेर, आणि योशिवारा देवस्थानात बेनझाइतेन, म्हणजे सरस्वती. सात देवांसाठी आसाकुसानं नऊ जागा ठेवल्या आहेत. दोन देवांना दोन-दोन पत्ते. वरणगावच्या माणसाचा पुण्यात फ्लॅट असावा तसंच काहीसं.

गणपतीला वाहिलेले मुळे मंदिर वाया घालवत नाही. दर्शनाला येणाऱ्यांना ते प्रसाद म्हणून घेऊन जाता येतात. त्यामुळे मराठी कुटुंब संध्याकाळी हॉटेलात परततं तेव्हा एका पिशवीत कागदात गुंडाळलेलं मातीचं मांजर असतं आणि दुसऱ्या पिशवीतून मुळ्याचा पाला बाहेर डोकावत असतो. मांजर बॅगेत कपड्यांच्या मध्ये नीट बसतं. मुळ्याचं काय करायचं, यावर चर्चा होते. सोडून द्यावा तर देवाचा प्रसाद, आणि परतीच्या विमानात भाजी न्यायला परवानगी नाही. शेवटी घरातलं कुणीतरी खाली जाऊन कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमधून साखर न घातलेलं दही शोधून आणतं आणि चहाच्या कपात, प्लॅस्टिकच्या चमच्यानं, बाथरूमच्या उजेडात कोशिंबीर कालवली जाते. मीठ विमानातल्या पुडीतलं. वासाबद्दल हॉटेलवाले दुसऱ्या दिवशी वाकून वाकून विचारतात.